घरात नेट एक, वापरणारे सात



दिवेलागणीला कोणत्याही गावातून एक चक्कर मारून पाहा. पूर्वी या वेळी "गुरं बांधली का रे?" असा आवाज कानी पडायचा. आता त्याच्या जोडीला दुसरा ऐकू येतो, "नेट कोणी संपवलं?" आणि मग घरात जो सर्वांत गरीब असेल त्याच्यावर आळ येतो. बहुधा तो लेकीवर नाहीतर सुनेवर येतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

आमचा कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. नाक्यावर चहाच्या टपऱ्या आहेत, तशी रिचार्ज मारून देणारी दुकानेही आहेत. आसपासच्या खेड्यांतली माणसे पिशवीत औषध-बियाणे आणि खिशात महिन्याचे नेट घेऊन परत जातात. महिना आपला म्हणायचा, दिवस मात्र पुष्कळदा अठ्ठावीसच! जुलै २०२४ मध्ये पॅकचे दर वाढल्यापासून घरातल्या प्रत्येक फोनवर मोठा पॅक मारणे परवडत नाही. म्हणून एका फोनवर मोठा पॅक मारायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या हॉटस्पॉटवर चालवायचे, अशी रीत पडली आहे. त्यात गैर काही नाही. एका विहिरीवर चार भाऊ भिजवण करतात, तसेच हे. पण विहिरीची पाळी आज्या-पणज्याने ठरवून दिलेली असते, नेटची पाळी अजून कोणी ठरवलेली नाही.

आता हा पॅक म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेऊ. समजा, रोज २ जीबीचा पॅक आहे. म्हणजे २०४८ एमबी. हा कोटा रात्री बारा वाजता मिळतो आणि दुसऱ्या रात्री बाराला मोडतो. आज वाचले म्हणून उद्याच्या कोट्यात ते जमा होत नाही. संपले तर नेट अगदी बंद होत नाही, पण बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा ऐकायला बरा वाटतो, म्हणून हिशेबच मांडू. शेतातल्या पिकाचा एक चांगला फोटो ३ एमबीचा धरा. एवढ्या वेगाने तो वर चढायला सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो, तोही मध्ये काही खंड पडला नाही तर. तेवढा धीर ॲपला कुठला? ते मध्येच "पुन्हा प्रयत्न करा" म्हणून मोकळे होते.

खर्चाची बाजूही पाहा. व्हॉट्सॲपवरचा साधा निरोप, हवामानाचा अंदाज, बाजारभाव यांना लागते ते पाणी म्हणजे ओंजळभर. खरी भिजवण व्हिडिओची. तोच व्हिडिओ ३६० पी या दर्जात तासभर पाहिला तर अंदाजे ३०० एमबी जातात, ४८० पीला ५०० च्या आसपास आणि ७२० पीला एक जीबी किंवा त्याहून अधिक. मास्तरांचा फळा ३६० पीवरही वाचता येतो. तळहाताएवढ्या पडद्यावर त्याहून मोठा दर्जा घेणे म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्याला साडेसात अश्वशक्तीची मोटार लावणे.

एका घरची गोष्ट सांगतो. हळदीवर करपा आला म्हणून मी त्या घरी गेलो होतो. हळद पाहून ओसरीवर बसलो, तर आत बोलाचाली सुरू. घरात माणसे सात. आजा, आजी, घरधनी, त्याची कारभारीण, धाकटा भाऊ, बारावीतली मुलगी आणि नववीतला मुलगा. दुपारी तीनलाच नेट संपले होते. आजोबा म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा. ही पोरगी दिवसभर फोनमधीच असते. अभ्यास म्हनते, पन नेट तर हीच खाती." मुलगी भाकरी थापत होती. ती काही बोलली नाही.

मी म्हटले, "बाबा, आधी मीटर पाहू, मग बोलू." प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' नावाचे पान असते. कोणत्या ॲपने किती खाल्ले, ते तिथे उतरलेले असते. पॅक असलेल्या फोनवर हॉटस्पॉटने किती दिले, तेही दिसते. वाय-फायवर गेलेला हिशेब त्याच पानावर वेगळा असतो, तो बाकीच्या फोनांवर उघडून पाहिला. मुलीच्या तासांचे झाले होते अडीचशे एमबीच्या घरात. मुलाचे रील त्याहून थोडे जास्त. आजोबांचे कीर्तन पाचशेच्या आसपास! आणि धाकट्या काकांच्या फोनने नऊशे ओढले होते. काका तर सकाळपासून सोयाबीनला औषध मारायला गेलेले, फोन घरी चार्जिंगला. त्यांनी दिवसभरात एक चित्रसुद्धा पाहिले नव्हते.

मग हे गेले कुठे? ते नीट ऐका, कारण हीच गळती पुष्कळ घरांत आहे. हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला वाटते की आपण वाय-फायवर आहोत. वाय-फाय म्हणजे फुकटचे पाणी, अशी फोनची समजूत असते. मग तो ॲपच्या नव्या आवृत्त्या उतरवून घेतो, लग्नातले फोटो आणि व्हिडिओ गुपचूप वर चढवून ठेवतो, व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांतले व्हिडिओ न विचारता उतरवतो. 'फक्त वाय-फायवर' अशी खूण केली की आपण निर्धास्त होतो, पण ती खूण हॉटस्पॉटला लागू पडत नाही. आजोबांनी हे ऐकले आणि म्हणाले, "म्हंजी पाट फुटलेला व्हता, अन् आमी पानी चोरनारा हुडकत व्हतो."

हा पाट बांधायला पाच मिनिटे लागतात. दुसऱ्या फोनवर वाय-फायच्या यादीत आपल्या हॉटस्पॉटचे नाव दाबा आणि त्याला 'मीटर्ड' करा. म्हणजे हे पाणी मोजणीचे आहे असे फोनला कळते आणि मोठी कामे तो थांबवतो. व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज आणि डेटा' मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करा, मोबाईल डेटा आणि वाय-फाय दोन्हींवर. यूट्यूबवर 'डेटा सेव्हर' लावा आणि एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद करा. काही फोनमध्ये हॉटस्पॉटला मर्यादाही घालता येते. तेवढे एमबी गेले की तो मिटतो. आणि पासवर्ड अधूनमधून बदला. शेजारचे पोर तुमच्याच भिंतीला टेकून रोज का बसते, याचा उलगडा त्यातून होईल. त्याला द्यायचे असेल तर खुशाल द्या, पण ते आपल्याला ठाऊक असावे.

गळती थांबली तरी पाळी ठरवावीच लागते. सकाळी ज्याला मोकळीक आहे तो भरपूर वापरतो, आणि ज्याचे काम उशिरा उरकते त्याला तळाचा गाळ मिळतो. आपल्या घरांत सर्वांत उशिरा मोकळे कोण होते? धुणे-भांडी उरकल्यावर मायलेकी. ती बारावीतली मुलगी रात्री बाराचा गजर लावून उठायची, नवा कोटा मिळाला की तासांचे व्हिडिओ उतरवून घ्यायची आणि पहाटे पाचला पुन्हा चुलीपाशी. घरात हे कोणाला माहीतही नव्हते. आईला तेवढे माहीत होते, पण ती बोलत नव्हती.

आपण धान्य खायला काढण्याआधी बियाणे बाजूला काढतो. तसेच इथे करावे. २०४८ पैकी तीनशे एमबी घरच्या कामाचे. ते रात्री नऊपर्यंत कोणी हात लावायचे नाहीत. पाचशे मुलीचे; तिची वेळ संध्याकाळी सात ते नऊ, आणि त्या वेळात भाकरी दुसऱ्या कोणी थापाव्यात. आजोबांना कीर्तन ऐकायचेच असते, तेव्हा दर्जा सर्वांत खाली, १४४ पी. महाराजांचा चेहरा थोडा पुसट दिसेल, आवाजात काही उणे नाही. बाकी उरले ते मुलाचे आणि काकांचे. त्या घरी मुलीने हा हिशेब कागदावर लिहून कोनाड्यापाशी चिकटवला. मुलगा रुसला. दोन दिवस रुसला, मग खेळायला जाऊ लागला.

"तीनशे एमबी कामाला कशाला लागतात?" असे तुम्ही विचाराल. १ आणि २ सप्टेंबर २०२४ आठवा. हिंगोली जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात उभे राहिले. त्या हंगामात पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती. पुष्कळांनी ती फोनवरून फोटो जोडून द्यायची ठरवली. त्या दिवसांत एक शेतकरी बांधावर गुडघाभर चिखलात उभा राहून फोटो पाठवत होता आणि फोनवर ते चाक नुसते फिरत होते. घरी पोराने कोटा संपवला होता. शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून सूचना गेली, पण अर्धा दिवस त्यात गेला. २०२५ च्या खरिपापासून राज्यात विमा भरपाईचा हिशेब पीक कापणी प्रयोगावर गेला, ती धावपळ उरली नाही. पण ई-पीक पाहणी, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झाली, तिचा फोटो शेतात जाऊनच काढावा लागतो. शिवाय बँकेचा ओटीपी मोबाईलवर आला तरी पैसे पाठवायला नेट लागतेच.

ज्यांच्या घरी फायबर आले आहे, ते म्हणतील की आम्हाला याची काय गरज? त्यांचीही 'अमर्याद' जोडणी पुष्कळदा महिन्याला ३३०० जीबीपर्यंतच वेगाची असते. तेवढे संपवणारे घर मी अजून पाहिले नाही, म्हणून त्यांनी सुखाने झोपावे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे काम केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केले, पुढे त्याला भारतनेट नाव मिळाले. पण पंचायतीच्या दारातली तार वस्तीवरच्या घरात येत नाही. तोवर आपली विहीर म्हणजे तो एक फोन.

आणि एखाद्या दिवशी ऐन कामाच्या वेळी कोटा संपलाच, तर घाबरून महिन्याचा नवा पॅक मारू नका. थोड्या एमबीचे छोटे व्हाउचर वेगळे मिळते, ते मारा. तेही जमत नसेल आणि फोटो फक्त ओळखीच्या माणसाला दाखवायचा असेल, तर मूळ फोटो न पाठवता फोनवर दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, कडा कापा आणि तो पाठवा. तीन एमबीचे काम दोन-तीनशे केबीत होते, आणि कमी वेगातही अर्ध्या-पाऊण मिनिटात तो निघून जातो. पानावरचा ठिपका करप्याचा आहे की नाही, हे मला तेवढ्यावरून कळते.