मधल्या करड्याच्या दोन्ही बाजूंना

माझ्या कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर काय आहे ते कळत नाही. जे काही असेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे, पडलेल्या प्रकाशातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे, असं धरून तो आकडे देतो. मेणवलीच्या घाटाच्या भिजलेल्या पायऱ्यांवर तो रोखला, की काळा दगड फोटोत फिकट होऊन येतो. दिवे घाट चढणाऱ्या वारकऱ्याच्या धोतरावर रोखला, की तेच पांढरंशुभ्र धोतर मळकं दिसतं. दगड काळा हवा असेल तर प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी करायचा, धोतर पांढरं हवं असेल तर जवळपास तेवढाच वाढवायचा. काळं किती काळं आणि पांढरं किती पांढरं, हे शेवटी फोटो काढणाऱ्यानेच ठरवायचं असतं. मला काळ्यापांढऱ्या फोटोंची ओढ लागली ती या ठरवण्यामुळे.

लहानपणी साताऱ्याला आमच्या घरी काकांचा आग्फा क्लिक थ्री होता. वन-ट्वेंटीचा रोल, त्यात बारा फोटो. ऊन आहे की ढगाळ, एवढं बघून खटका सरकवायचा आणि बटण दाबायचं. तो एक रोल कुणाच्या मुंजीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा असे, म्हणून कोण कुठं उभं राहणार, सूर्य कुणाच्या पाठीशी येणार, हे आधी अंगणात ठरे. त्या अल्बमात काकूचं ठसठशीत लाल कुंकू आणि तिची हिरवी चोळी जवळजवळ एकाच छटेची आली आहेत. घरात सगळ्यांना ठाऊक असलेले दोन वेगळे रंग त्या फोटोत एक झाले होते. मला याचं इतकं नवल वाटे, की दुपारी सगळे झोपले की मी अल्बम काढून तोच फोटो बघत बसे.

त्याचा उलगडा कॉलेजात असताना पुण्यात झाला. एका मैत्रिणीच्या भावाने न्हाणीघरात डार्करूम थाटली होती. जुना एन्लार्जर, तीन ट्रे, लाल दिवा. ब्रोमाइड कागदाला लाल प्रकाश जाणवत नाही म्हणून तो दिवा चालतो, हे त्यानेच मला सांगितलं. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आम्ही वापरायचो. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत राहिलं, की आधी केस आणि डोळ्यांची बुबुळं येत, मग हळूहळू गालावरचे करडे थर चढत. पांढरं मात्र कधीच येत नसे, कारण ते मुळात होतंच. चांदीचा कण जिथे बसला नाही तो कोरा कागद म्हणजे पांढरं. एखादी सावली फार दाट होऊ लागली, तर एन्लार्जरच्या प्रकाशात तळहात आडवा धरून, तो सारखा हलता ठेवून, तिथला प्रकाश अडवायचा. माझ्या हाताने एखाद्याच्या चेहऱ्यावरचा अंधार कमी होतो, हा अनुभव मला आजही थरारून सोडतो.

कुंकवाचं आणि चोळीचं कोडं तिथेच सुटलं. दोन वेगळ्या रंगांचा उजेड सारखा असला की फिल्मवर ते एकच दिसतात. मग भिंगापुढे फिल्टर लावायचा. लाल फिल्टर लालाला वाट देतो आणि हिरव्या-निळ्याला अडवतो, म्हणून कुंकू उजळतं आणि चोळी गडद होते. हिरवा फिल्टर लावला की नेमकं उलटं. पांडवगडावरचं निळं आकाश लाल फिल्टरमधून इतकं गडद होतं, की ढग त्यातून पुढे आल्यासारखे वाटतात.

पुढे रंगीत लॅब गल्लोगल्ली आल्या, नोकरी-संसार आला, आणि पुष्कळ वर्षं मीही रंगीत रोलच घातले. डिजिटल कॅमेऱ्याने मला पुन्हा काळ्यापांढऱ्याकडे आणलं. रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात, आणि लालाला किती उजळ ठेवायचं, निळ्याला किती दाबायचं, ते घरी बसून ठरवता येतं. ही सोय मोठी आहे, आणि तिने एक प्रश्नही आणला. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो काढले, तेव्हा त्यांच्या हाती काळीपांढरी फिल्म होती. रंगीत का नाही, असं त्यांना कुणी विचारणं शक्यच नव्हतं. मला विचारता येतं. रघुबीर सिंग जन्मभर रंगीत फिल्मवर काम करत राहिले. भारतीय नजर मुळात रंगांतच पाहते, असं त्यांचं ठाम मत होतं. ‘रिव्हर ऑफ कलर’ हे त्यांचं पुस्तक मी अनेकदा पाहिलं आहे, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. जेजुरीचा भंडारा करडा करून दाखवणं मला पटतच नाही. एखाद्याचं दारिद्र्य अधिक करुण दिसावं म्हणून त्याचे रंग काढून घेणं तर अन्यायच आहे. त्या झोपडीच्या दाराला त्या माणसाने हौसेने निळा रंग दिलेला असतो.

मेणवलीला हे एका आजींनी मला सरळ विचारलं होतं. आमचा चार-पाच हौशी लोकांचा गट रविवारी पहाटेच्या एसटीने वाईला जातो, तिथून मेणवलीला. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, घाटाजवळच्या लहानशा देवळात १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा. थंडीत नदीवर धुकं असतं, आणि ऊन वाड्याच्या भिंतीवरून उतरेपर्यंत घाटावर फक्त करड्याच छटा असतात. त्या आजी धुणं पिळत होत्या. मागच्या खेपेचा त्यांचा फोटो मी छापून आणला होता. हातावरच्या शिरा, भिजलेला दगड, सगळं मला हवं तसं आलं होतं. त्यांनी तो दूर धरून पाहिला आणि म्हणाल्या, “बाई, माझं लुगडं कुठल्या रंगाचं हाय ते कसं कळंल? लेकीनं घेतलंय.” पुढच्या खेपेला मी त्यांना रंगीत प्रत नेऊन दिली. तेव्हापासून बटण दाबण्याआधी मी स्वतःला विचारते, की या माणसाला यातला कुठला रंग दिसायला हवा असेल? असा रंग असेल तर तो मी ठेवते.

आणि नसेल तेव्हा मात्र काळ्यापांढऱ्यासारखं दुसरं काही नाही, निदान आमच्या सह्याद्रीत तरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट कोरडा असताना करडा, ओला झाला की जवळजवळ काळा. एका सरीत डोंगराची छटा बदलते. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या मांडल्या. त्यांतली तिसरी पायरी मला सगळ्यात प्रिय आहे: गडद, पण आतला पोत दिसणारी. जून महिन्यातला कडा मी तिथे ठेवते.

सध्या माझं मन घोंगडीत अडकलं आहे. पावसाळा सरल्यावर मेंढ्या घेऊन निघालेले धनगर आम्हाला रस्त्यात भेटतात. खांद्यावरची घोंगडी न रंगवलेल्या काळ्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली, त्यामुळे तिच्या घडीची कड उजेड धरते. ती तिसऱ्या पायरीवर छान बसते. अडचण लाल पागोट्याची आहे. लाल फिल्टरने ते धोतराइतकं पांढरं होतं, आणि पांढरं पागोटं घातलेला तो माणूस मला खोटा वाटतो. हिरव्या फिल्टरने ते इतकं गडद होतं, की घोंगडीत मिसळून जातं. पिवळा लावून, सकाळच्या तिरप्या उन्हात, पागोटं चौथ्या पायरीवर थांबवता येईल असा माझा हिशेब आहे. दिवाळी झाली की पुन्हा त्या रस्त्याला जायचं आहे, आणि या वेळी त्याला आधीच विचारणार आहे, फोटो रंगीत हवा की काळापांढरा.