पोटातले पाय



पंधरा-वीस दिवस वावरातलं काही लिहिलं नाही. काही जणांनी विचारलं, भाऊ तब्येत बरी आहे ना? तब्येत बरी आहे. जे लिहायला पाहिजे होतं ते लिहायची लाज वाटत होती, एवढंच. आज लिहितो.

आमचं वावर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. बांधापलीकडे आप्पांचं. रोज सकाळी सातच्या सुमाराला आमची बांधावर भेट होते. आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पानी ऊना का रे भो तुमनाकडे?" दोघांच्या मध्ये चार हाताचा बांध. त्यांच्याकडे पडला तर माझ्याकडे पडणारच. तरी विचारतात, आणि मीही सांगतो, "आला आप्पा, पण ढेकूळ काही फुटलं नाही." त्यांची मुलगी धुळ्याला दिली आहे. रात्री तिचा फोन येतो. तिकडे पडला की दोन तासांनी आपल्याकडे, असा आप्पांचा हिशोब आहे. दहातून चारदा बरोबर येतो. उरलेल्या सहा वेळेला ते वाऱ्याला शिव्या देतात.

पावसानंतरचा विषय म्हणजे खाणं. विहिरीजवळ आमच्या आईची परसबाग आहे. मेथीचे दोन वाफे, पातीचा कांदा, कोथिंबीर, पालक, चार वांगी. मेथी कोवळी असली की आई घोळाणा करते. बाहेरच्यांसाठी सांगतो : मेथीची पानं धुऊन, निथळून बारीक चिरायची, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची किंवा लाल तिखट, शेंगदाण्याचं जाडंभरडं कूट, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, आणि मीठ अगदी शेवटी, ताटात वाढायच्या वेळेला. मीठ आधी टाकलं तर पानं पाणी सोडतात आणि सगळा लगदा होतो. कळण्याच्या भाकरीसोबत खायचं.

आप्पांकडच्या काकू त्यात दही घालतात. आईचं म्हणणं, दही घातलं की ती कोशिंबीर झाली, घोळाणा नाही. हे भांडण मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे आणि दोघींनाही ते मिटवायचं नाही. पुण्याहून आलेल्या भाच्यानं एकदा मोबाईलवर सॅलड ड्रेसिंगचा व्हिडिओ दाखवला. बाटलीत तेल, लिंबू, मीठ, मिरपूड घालून हलवायचं आणि पाल्यावर ओतायचं. आई म्हणाली, "मंग हाऊ घोळाणाच ना! फक्त कूट इसरना तो." तर आमच्याकडून मेथी पलीकडे जाते, पलीकडून दह्याचा गडवा इकडे येतो. वर्षानुवर्षं.

आता मुद्द्याचं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी एका रोपवाटिकेतून लिंबाची आणि शेवग्याची रोपं आणली, सोबत दोन गोण्या माती. काही दिवसांनी विहिरीच्या कठड्यावर एक मोठी शंखाची गोगलगाय दिसली. तपकिरी पट्ट्यांचा शंख, मुठीएवढा. पोरानं हातात घेऊन फोटो काढला. मी म्हटलं, राहू दे रे, गरीब जीव आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, जळगावला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि धुळ्याला त्याहून कमी. अशा मुलखात गोगलगाय टिकते कुठे, असं मला वाटलं.

ती टिकते. ही आफ्रिकी शंखी गोगलगाय. उन्हाळा आला की मातीत, दगडाखाली शिरते, शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा लावून घेते आणि महिनोन् महिने झोपून राहते. वरून आपलं ठिबक. लिंबाच्या बुंध्याशी बारा महिने ओल, पालापाचोळ्याचं आच्छादन, सावली. उन्हाळ्यानं जे काम फुकटात केलं असतं, ते मीच होऊ दिलं नाही. शिवाय एकाच जिवात नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. एका वेळेला शंभरावर, कधी त्याच्या कितीतरी पट. मातीत साबुदाणा सांडल्यासारखी दिसतात.

यंदा आर्द्राच्या पावसानंतर रात्री बॅटरी घेऊन परसबागेत गेलो तर पालकाच्या वाफ्यात तीस-चाळीस लहान-मोठ्या. पानांवर चकाकणाऱ्या चिकट रेघा, खाली काळ्या दोऱ्यासारखी विष्ठा. मी एक वाटी मीठ आणलं तर आई ओट्यावरून ओरडली, "मीठ टाकू नको रे दादा, जमीन खारी व्हई जाई." खरं होतं. वेचल्या, बादलीत बुडवल्या. मला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी आप्पा बांधावर आले ते रागातच. अर्ध्या एकरात मिरचीची रोपं लावली होती. बांधाकडच्या सात-आठ सऱ्यांमधली रोपं रातोरात खाल्लेली, नुसत्या काड्या उभ्या. त्यांचा संशय रोपांवर. रोपवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले होते. मला म्हणाले, "रोपच खराब दिलं, काय म्हणतो तू?"

मी काय म्हणालो? "असेल आप्पा."

बांधावरच्या ओल्या गवतात ती चकाकणारी रेघ मला उभ्यानं दिसत होती. आप्पांना चष्म्यातूनही दिसली नसती. मी काही बोललो नाही. त्यांनी पुन्हा रोपं आणली, मजुरी देऊन नांग्या भरल्या. तीही गेली. मी आठ दिवस गप्प. रोज पावसाची चौकशी, रोज घोळाणा की कोशिंबीर, सगळं नेहमीसारखं. फक्त मी बांधावर पाच मिनिटं कमी थांबायला लागलो.

मला बोलतं केलं ते मेथीनं. फोनवर या गोगलगाईबद्दल वाचत होतो. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक जंत असतो, त्याची पिल्लं गोगलगाईच्या अंगात वाढतात. अशी गोगलगाय, किंवा तिचं बारीक पिल्लू पानाला चिकटलेलं असताना कच्चं पोटात गेलं तर तो जंत माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. म्हणून उघड्या हातानं तिला धरायचं नाही आणि ती फिरलेल्या जागेचा पाला कच्चा खायचा नाही. शिजवला की धोका जातो. हे वाचलं आणि उठून बसलो. सकाळीच आईनं मेथीची जुडी पलीकडे दिली होती. आप्पांची नातवंडं धुळ्याहून सुट्टीला आलेली.

तेव्हाच्या तेव्हा बांध ओलांडून गेलो. रात्रीचे नऊ वाजले होते. काकूंना म्हटलं, मेथी कच्ची खाऊ नका, भाजी करा. त्यांनी विचारलं का, मग सगळंच सांगितलं. माती कुठून आली, पहिली गोगलगाय कधी दिसली, मिरची कशानं गेली.

आप्पा बाजेवर बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठ दिन चूप बसना तू?"

रोपांचं, मजुरीचं काही काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. घरी आलो तर आईनं तेच ऐकवलं जे ऐकवायला पाहिजे होतं : गोगलगाय आणि पोटात पाय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून बांधाच्या माझ्या बाजूनं टाकत होतो, तर आप्पा त्यांच्या बाजूनं गोणपाट घेऊन आले. बोलले नाहीत. सकाळी उचलून पाहिलं तर गोणपाटाखाली गर्दी. हातमोजे घालून वेचल्या, साबणाच्या दाट पाण्यात बुडवल्या, मग खड्डा करून चुना टाकून पुरल्या. पहिल्या दिवशी दोघांच्या मिळून २१२. बांधावरचं गवत काढलं, दगड उलटवले, अंडी शोधून नष्ट केली, मिरचीच्या कडेनं चार बोटं रुंद चुन्याचा पट्टा ओढला. पाऊस आला की चुना वाहून जातो, परत ओढावा लागतो. औषधाच्या गोळ्या मिळतात, पण आमच्याकडे दोन्ही वावरांत कुत्री मोकळी असतात आणि त्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात, म्हणून टाकल्या नाहीत. आज सकाळचा आकडा ३१. संपल्या नाहीत. एकट्यानं वेचून संपणारही नाहीत, कारण गोगलगाईला सातबारा कळत नाही.

२०२२ साली लातूर, बीड, धाराशिवकडे कोवळं सोयाबीन याच गोगलगाईंनी फस्त केलं होतं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हा बातमी वाचून मी म्हटलं होतं, तिकडचं आहे. मूळची तर ही पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखांच्या एका अभ्यासकानं मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या बागेत ती सुटली. तोही भला माणूसच असेल. मीही रोपंच आणली होती, गोगलगाय आणायला थोडाच गेलो होतो. आणताना चूक झाली, ती कुणाचीही होते. पुढचे आठ दिवस मात्र माझे एकट्याचे.

म्हणून सांगतो. रोपं, माती, शेणखत बाहेरून आणलं तर आधी पसरून बघा, पिशवीच्या तळाशी बघा. एक दिसली तरी शेजाऱ्याला त्याच दिवशी सांगा, लाज नंतर वाटू द्या. आणि पावसाळ्यात पाला कच्चा खाणार असाल तर एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. गोगलगाई दिसल्या असतील तर सरळ भाजी करा.

आमच्याकडे घोळाणा सध्या बंद आहे. आई मेथीची भाजी करते आणि ताटाकडे बघून नाक मुरडते. आप्पा परवापर्यंत बांधावर कामापुरतंच बोलत होते. काल सकाळी मात्र गोणपाट झटकता झटकता म्हणाले, "पानी ऊना का रे भो?" मी म्हटलं, "आला आप्पा, बरा आला."

दह्याचा गडवा अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल.

तुमच्या शिवारात दिसली का? काय करताय, कळवा.