इकोची हाडं

अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीने १९३७ साली रंगवलेलं ‘नार्सिससचं रूपांतर’ लंडनच्या टेट संग्रहात आहे. कॅनव्हास जेमतेम अर्धा मीटर उंच, पण त्यात केवढा पसारा! डावीकडे पाण्यात नार्सिसस, स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेला सोनेरी तरुण, उकिडवा बसलाय, गुडघ्यावर डोकं टेकून. उजवीकडे तोच आकार पुन्हा येतो, पण आता तो जमिनीतून वर आलेला राखाडी दगडी हात झालाय. बोटांच्या टोकांवर अंडं आणि त्याच्या तड्यातून उमललेलं नर्गिसचं फूल. हातावर मुंग्या चढताहेत. जवळच एक हाडकुळं कुत्रं मांसाच्या तुकड्यात तोंड घालून उभं.

दालीने या चित्रासोबत एक कविताही छापली. चित्राकडे एकटक, पण हरवल्यासारखं बघत राहा, नार्सिसस हळूहळू नाहीसा होईल, असं त्याचं सांगणं. माझा नार्सिसस काही जात नाही. नजर त्याच्यावरून हाताकडे जाते आणि हातावरून मुकाट त्याच्याकडे परत येते.

जुलै १९३८मध्ये दाली हेच चित्र घेऊन मनोविश्लेषक फ्रॉइडला भेटला. नाझींच्या व्हिएन्नातून फ्रॉइड नुकताच लंडनला आला होता. भेट घडवली लेखक स्टीफन झ्वाइगने. दुसऱ्या दिवशी फ्रॉइडने झ्वाइगला लिहिलं, की आजवर या अतिवास्तववाद्यांना तो ठार वेडे समजत होता, पण या स्पॅनिश तरुणाच्या तंत्रावरच्या हुकमतीने त्याला फेरविचार करायला लावलं. मला यात गंमत वाटते. आयुष्यभर लोकांची स्वप्नं ऐकलेल्या म्हाताऱ्याला कौतुक वाटलं ते हाताच्या सफाईचं. आणि खरंच, इतका काटेकोर आकार झोपेत सुचत नाही. टक्क जागं राहून मोजावा लागतो.

चित्रात एक पात्र मात्र नाही. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत नार्सिससवर जीव टाकणारी इको आहे. शापामुळे तिला आपणहून बोलता येत नाही, दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट तेवढं उच्चारता येतं. नार्सिससने झिडकारल्यावर ती झुरते. शरीर विरून जातं, आवाज उरतो आणि हाडांचे दगड होतात. दगड तिचे होतात, नार्सिससचे नाही. त्याचं फूल होतं. मग दालीच्या चित्रात तो दगड आला कुठून?

मला तो हात इकोचाच वाटतो. शेजारच्याचा आकार जसाच्या तसा उचलायचा, स्वतःचं काही बोलायचं नाही आणि शेवटी त्याचंच फूल बोटांवर तोलून धरायचं. दालीच्या हे मनात असेल असं मुळीच वाटत नाही. त्या कवितेच्या शेवटी तो बायकोला, गालाला, आपला नार्सिसस म्हणतो. इकोची आठवण त्याला तिथेही होत नाही.