ज्याची त्याची गाडी

शाळामास्तर अण्णांची गाडी म्हणजे हीरो होंडा सीडी १००. १९८५ साली बाजारात आलेली ही ९७ सीसीची फोर-स्ट्रोक गाडी पेट्रोल जपून प्यायची. रोजच्या ये-जा करणाऱ्याला आणखी काय हवं?

थोरल्याने यामाहा आरएक्स १०० आणली. टू-स्ट्रोक, हलकी, कान पिळताच उसळणारी! मोकळ्या रस्त्यावर मजा, पण पेट्रोलला अंमळ हावरी. धाकट्याची बुलेट लांबच्या प्रवासात भारदस्त, बाजारच्या गर्दीत मात्र जड.

"अण्णा, ती म्हातारी विकून टाका आता," दोघे म्हणत.

एका रात्री आईला सणकून ताप भरला. दवाखान्याचा बोळ अरुंद, आईला धक्का सोसवेना. थोरल्याने मुकाट्याने किल्ली उचलली, ती अण्णांच्याच गाडीची.

पुन्हा विकण्याचा विषय घरात निघाला नाही.