श्रीरामपूरच्या घरातली पलीकडची खोली

हावड्याहून बंडेलकडे जाणारी लोकल लिलुआ, बेलूड, बाली, उत्तरपाडा अशी स्टेशनं घेत हुगळीच्या काठाकाठानं वर सरकते. कोन्नगर आणि रिषडा मागे पडलं की श्रीरामपूर येतं. आमच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपुराशी या गावाचा नावापुरताच संबंध. मराठी भाषेशी मात्र त्याचं नातं दोनशे वर्षांहून जुनं आहे. विल्यम कॅरीनं लिहिलेलं मराठी व्याकरण १८०५ साली इथल्या छापखान्यातून निघालं. त्याच वर्षी मॅथ्यूचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं आणि १८१० मध्ये मराठी–इंग्रजी कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडीत. मराठी छपाईचा कोणताही इतिहास उघडला तरी पहिल्या काही पानांत हे गाव भेटतंच.

स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे विजेवरची रिक्षा, मिळते. बाजारातून, मिठाईच्या दुकानांपुढून वाट काढत ती नदीकडे वळते आणि एकाएकी रस्ता रुंद होतो. समोर सेंट ओलाव्हचं देऊळ, त्याच्या दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा ख्रिश्चन याची मुद्रा. १७५५ ते १८४५ अशी नव्वद वर्षं हे गाव डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं आणि कागदोपत्री त्याचं नाव फ्रेडरिक्सनगर होतं. पुढे त्यांनी ते इंग्रजांना विकून टाकलं. १८०६ साली पुरं झालेलं हे चर्च मोडकळीला आलं होतं. त्याची दुरुस्ती इतकी जपून झाली की २०१६ मध्ये युनेस्कोनं तिचा गौरव केला. जवळची जुनी डॅनिश खानावळही आता पुन्हा उभी राहिली आहे. पलीकडच्या तीरावर बराकपूर. तिथे इंग्रज गव्हर्नर जनरलचा बंगला होता. अर्ध्या मैलाच्या पाण्यापलीकडे दुसरं राज्य, दुसरा कायदा. कॅरीच्या घराला या काठावर आसरा मिळाला तो त्याच पाण्यामुळे.

कॉलेजची इमारत नदीकडे तोंड करून उभी आहे, उंच खांबांची. कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी १८१८ मध्ये हे कॉलेज काढलं. आवारातल्या कॅरी ग्रंथालयात त्यांच्या छापखान्याची पुस्तकं जपलेली आहेत. मी निघाले होते ती मराठी व्याकरणाच्या ओढीनं. पण ग्रंथालयात बसून कॅरीच्या घरची हकिगत वाचू लागले आणि व्याकरण बाजूला राहिलं. त्या घरात एक बाई होती. मराठी छपाईचे इतिहास वाचताना मला ती कधीच भेटली नव्हती.

तिचं नाव डोरोथी प्लॅकेट. इंग्लंडच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर, नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पिडिंग्टन या खेड्यात ती वाढली. १७८१ मध्ये तिचं विल्यम कॅरीशी लग्न झालं, तेव्हा नोंदवहीत तिनं सहीच्या जागी फुली काढली. नवरा तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, चपला-जोडे शिवणारा; पुढे तो बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला. दोन मुली लहानपणीच गेल्या, तीन मुलगे जगले. १७९३ साली नवऱ्यानं धर्मप्रसारासाठी बंगालला जायचं ठरवलं, तेव्हा सहावं मूल तिच्या पोटात होतं. तिनं साफ नकार दिला. मग थोरल्या फेलिक्सला तेवढं बरोबर घेऊन तो निघाला. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्याला बोटीवरून उतरवलं, आणि तो व त्याचा सोबती डॉक्टर जॉन थॉमस दुसऱ्या बोटीच्या शोधात असताना पुन्हा पिडिंग्टनला आले. नवं बाळ, जाबेझ, तेव्हा काही आठवड्यांचं होतं. तिनं पुन्हा नाही म्हटलं. दोघं निघाले, वाटेतून थॉमस एकटा माघारी आला. त्यानं तिला बजावलं, आज आली नाहीस तर कुटुंबाची कायमची ताटातूट होईल आणि जन्मभर पस्तावशील. ती हो म्हणाली, पण धाकटी बहीण किटी बरोबर येणार असेल तरच. सामानाची आवराआवर झटपट उरकली आणि १३ जून १७९३ रोजी डोव्हरहून एका डॅनिश जहाजानं ते सारे निघाले.

या होकाराला मी संमती म्हणायला तयार नाही. कॅरीच्या अनेक चरित्रांत ‘अखेर पत्नीनंही साथ दिली’ अशा अर्थाचं वाक्य येतं. आपल्याकडेही बदलीच्या गावी, परदेशी, आश्रमात किंवा चळवळीत नवऱ्यामागून गेलेल्या बायकांबद्दल असंच लिहिलं जातं. बाळंतिणीच्या खोलीत उभं राहून घातलेल्या धाकानंतरची ही साथ होती, हे त्या वाक्यात कुठेच दिसत नाही.

नोव्हेंबरमध्ये जहाज कलकत्त्याला लागलं. पैशाचा कारभार थॉमसकडे होता आणि पैसे बघता बघता संपले. कलकत्ता, बंडेल, पुन्हा कलकत्त्याजवळ माणिकतला, अशी घरं बदलत गेली. डोरोथी आणि फेलिक्स हगवणीनं अंथरुणाला खिळले. फेब्रुवारी १७९४ मध्ये कॅरीनं सगळ्यांना होडीत घातलं आणि सुंदरबनात देभाट्याला नेलं, वाघांच्या मुलखात, जंगल तोडून शेती करायला. बरोबर मुनशी रामराम बसू होते. तिथे मिठाच्या खात्यातल्या चार्ल्स शॉर्ट या अनोळखी इंग्रजानं या सात जणांना आपल्या घरात ठेवून घेतलं, म्हणून निभावलं. या काळातल्या रोजनिशीत कॅरी बायको आणि मेहुणीच्या कुरकुरीबद्दल लिहितो. त्यांची तक्रार होती ती पावाची. रोज भात, आणि पाव मिळत नाही. कॅरीला ती क्षुल्लक वाटली असावी. मला ती घटकाभर वाचतच राहावीशी वाटली. आजारातून उठलेल्या माणसाला आपल्या घरचं खाणं हवं असतं, आणि डोरोथीकडे त्या मुलखात आपलं म्हणावं असं दुसरं काय होतं?

किटी होती, पण तीही राहिली नाही. चार्ल्स शॉर्टशी तिचं लग्न ठरलं आणि ती देभाट्यालाच थांबली. ज्या एका अटीवर डोरोथीनं गाव सोडलं, ती अट पहिल्याच वर्षी मोडली. त्यात दोष कुणाचा नव्हता. कॅरीला मालदाकडे मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर देखरेखीचं काम मिळालं होतं, दरमहा दोनशे रुपये पगारावर. उरलेलं कुटुंब होडीनं उत्तरेला निघालं.

मदनावतीला ऑक्टोबर १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर तापानं आणि हगवणीनं गेला. शवपेटी करायला सुतार मिळेना, कबर खणायला माणूस मिळेना. परक्याच्या प्रेताला हात लावला तर जात जाईल, हा धाक होता. बापही त्या वेळी तापानं फणफणला होता. पुढच्या काही महिन्यांत डोरोथीचं मन ढासळलं. नवरा व्यभिचारी आहे असा भ्रम तिला झाला. ती त्याच्या मागे रस्त्यावर जाई, नोकरांसमोर शिव्या देई. एकदा तिनं सुरी उगारली. १७९६ मध्ये आणखी एक मुलगा झाला, जोनाथन. आजार हटला नाही. ती बारा वर्षं या अवस्थेत जगली आणि त्यातला बराच काळ बंद खोलीत.

कॅरीवर मी इथे सगळा ठपका ठेवत नाही. तिला कलकत्त्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं असं स्नेही सुचवत होते, पण तिथली वागणूक क्रूर असते म्हणून त्यानं ते कधीच मानलं नाही. त्या काळी मनाच्या आजारावर कुणाकडेच औषध नव्हतं. तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच मदनावतीत कॅरी स्वतः सावरला, कारण त्याला काम होतं. बंगाली होती, संस्कृत होतं, बायबलचं भाषांतर होतं, झाडं होती. रोज नवे शब्द, नवी माणसं. परमुलूख त्याच्यासाठी एकेका शब्दानं उघडत गेला. तिच्यासाठी तो कुणी उघडला नाही.

श्रीरामपुरात पाऊल ठेवणाऱ्या दुसऱ्या एका बाईकडे पाहिलं की हे नीट कळतं. ऑक्टोबर १७९९ मध्ये मार्शमन, वॉर्ड आणि इतर मंडळी इथे उतरली. इंग्रज त्यांना आपल्या हद्दीत राहू देईनात. डॅनिश गव्हर्नर कर्नल ओले बी यानं त्यांना आश्रय दिला. आल्याआल्या त्यांच्यातला एक जण दगावला. जानेवारी १८०० मध्ये कॅरीचं कुटुंब येऊन मिळालं. सगळ्यांचं एकत्र जेवण, एकच तिजोरी, आणि शनिवारी रात्री आठवडाभरातली भांडणं मिटवायला बैठक. हे मोठं खटलं चालवलं हॅना मार्शमननं. १८०० मध्येच तिनं नवऱ्याबरोबर शाळा काढली आणि त्या शाळांच्या फीवर मिशनचा बराच खर्च भागला. कॅरीची मुलं मोकाट सुटलेली पाहून तिनं आणि वॉर्डनं त्यांना हाताशी धरलं. हॅनाची बारा मुलं झाली, सहाच जगली. दुःख तिलाही कमी नव्हतं. पण सकाळी उठून जायला तिला शाळा होती, शिकवायला पोरी होत्या.

ग्रंथालयातून मी घाटावर आले. ओहोटी लागली होती, पायऱ्यांवर चिखल, एका कडेला बायका कपडे धूत होत्या. मिशनचं आवार याच काठावर होतं. २८ डिसेंबर १८०० रोजी इथे कॅरीनं दोघांना बाप्तिस्मा दिला: सुतारकाम करणारा कृष्ण पाल, मिशनचा पहिला बंगाली ख्रिस्ती, आणि स्वतःचा मुलगा फेलिक्स. काठावर गव्हर्नर होता, युरोपियन होते, गावातले हिंदू-मुसलमान होते. सात वर्षांच्या खटपटीचं पहिलं फळ. आणि त्याच वेळी आवारातल्या दोन खोल्यांत दोन माणसं कोंडलेली होती. त्यातला एक डॉक्टर थॉमस, आनंदाच्या भरात त्याचं भान सुटलं होतं. दुसरी डोरोथी. या बाप्तिस्म्याची चित्रं पुष्कळांनी पाहिली असतील. त्या खोल्या चित्रात नाहीत.

कॅरी भाषांतराला बसलेला असे तेव्हा पलीकडच्या खोलीतून तिचा आरडाओरडा ऐकू येई, अशी आठवण जोशुआ मार्शमनच्या मुलानं लिहून ठेवली आहे. १८०१ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता. पुढे मराठीही त्याच्याकडे आली. वैजनाथ पंडितांना बरोबर घेऊन तो मराठीची नामं, क्रियापदं, विभक्ती लावत होता. १८०५ चं आपलं व्याकरण त्या घरात तयार झालं. आपल्या भाषेला त्या पुस्तकाचा जो लाभ झाला त्याचं मोल मी तिळभरही कमी करत नाही. पण त्याच्या किमतीतला एक हिस्सा डोरोथीनं भरला, आणि तो तिला न विचारता घेतला गेला.

८ डिसेंबर १८०७ रोजी ती तापानं वारली. वय एक्कावन्न. पाच महिने पुरे होताहेत तोच कॅरीनं शार्लट रूमोर या डॅनिश बाईशी लग्न केलं. शार्लट विदुषी होती, प्रकृतीनं अधू. तिच्याबरोबरची तेरा वर्षं त्याला फार सुखाची गेली. गावातल्या मिशनच्या दफनभूमीत कॅरीची समाधी आहे. मृत्युपत्रात त्यानं लिहिलं होतं, मला माझ्या दुसऱ्या पत्नीशेजारी पुरा. तशीच व्यवस्था झाली. मी त्या समाधीपाशी गेले तेव्हा फुलं मात्र डोरोथीच्या नावानं ठेवली.

मुलांचं निराळं. ती इथल्या मातीत रुजली. फेलिक्स बापापेक्षा अस्सल बंगाली बोले. शरीरशास्त्रावर त्यानं बंगालीत ग्रंथ लिहिला. तो ब्रह्मदेशात गेला होता तेव्हा, १८१४ मध्ये, त्याची बायको आणि मुलं इरावतीत बोट उलटून बुडाली. चाळिशी गाठण्याआधी तोही गेला. आईच्या कुशीत समुद्र ओलांडलेला जाबेझ मोलुक्काच्या बेटांवर मिशनरी म्हणून गेला. आणि कॅरी? इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यानं बागेत एका जागी झटकली, तर मातीतून डेझीची रोपटी उगवली. ती जगवायला त्यानं जिवाचं रान केलं. गावाकडच्या त्या साध्या फुलाची ओढ तोही आयुष्यभर विसरू शकला नव्हता.

डोरोथीबद्दल आपल्याला जे कळतं ते जवळजवळ सगळं नवऱ्याच्या रोजनिशीतून आणि सहकाऱ्यांच्या नोंदींतून. १९९२ साली जेम्स बेक या अमेरिकी अभ्यासकानं तिचं स्वतंत्र चरित्र लिहिलं, तोवर ती इतरांच्या चरित्रातली अडचण म्हणूनच उरली होती. मी नगरची. नवऱ्याच्या धर्मांतरानं घर उलटंपालटं झालेल्या बाईची गोष्ट म्हटलं की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढून, स्वतःच्या मनाला पटल्यावर, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग सगळं स्वतः लिहिलं. मधली ती वर्षं त्यांना मिळाली. डोरोथीला एक दिवसही मिळाला नव्हता.

नगरचा धागा या घाटाशी आणखी एका वाटेनं जोडलेला आहे. जून १८१२ मध्ये अमेरिकेहून आलेली दोन नवविवाहित मिशनरी जोडपी श्रीरामपुरात उतरली: अडोनिराम व अ‍ॅन जडसन, सॅम्युएल व हॅरिएट न्यूएल. कंपनीनं त्यांना देशाबाहेर काढलं. हॅरिएट गरोदर होती. मॉरिशसच्या वाटेवर समुद्रातच तिला मुलगी झाली, ती जगली नाही. पाठोपाठ नोव्हेंबरअखेर हॅरिएटही गेली. एकोणीस वर्षांची होती. सॅम्युएल न्यूएल पुढे मुंबईत मिशनरी गॉर्डन हॉलला जाऊन मिळाला. अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं ते या माणसांवर. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनं आणि हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना त्याच रोगानं वारला. त्याच मिशनमध्ये १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार मुंबईला आल्या. अविवाहित, कुणाच्या मागून नव्हे, मुलींच्या शाळा चालवायला स्वतः ठरवून. पुढे त्या नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली.