ओलीला वाट

टोरंटोच्या पश्चिमेला, मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनच्या वस्त्यांत, एप्रिल संपत आला की गॅरेजची दारं दिवसभर उघडी राहू लागतात आणि जमिनीवरचे पोपडे उजेडात येतात. हौसेनं दिलेला राखाडी रंग टायरच्या जागी सोलून निघालेला असतो, कोपऱ्यांत पांढरा खार फुटलेला. आम्हा मराठी घरांत गॅरेज नुसतं गाडीपुरतं नसतं. गणपतीचं मखर तिथेच तयार होतं, पंगतीची मोठी पातेली तिथेच राहतात. ती जमीन नीटनेटकी असावी असं वाटणं रास्तच आहे. म्हणून सांगावंसं वाटतं: दोष बहुतेक वेळा डब्यातल्या रंगाचा नसतो, खालच्या ओलीचा आणि अपुऱ्या तयारीचा असतो.

आम्ही मालवणकडची माणसं ओल ओळखून आहोत. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या त्या किनाऱ्यावर जांभ्याचे चिरे पाणी पितात आणि उन्हाळ्यात सोडतात. म्हणून जुन्या घरांचं जोतं उंच, जमीन चोपून शेणानं सारवलेली आणि आतल्या भिंतींना चुना. चुन्याच्या पातळ थरातून वाफ बाहेर पडते, त्यामुळे तो सहसा फुगत नाही. त्याच ओल्या भिंतीला चवथीच्या घाईत ऑइलपेंट दिला, की ओल आत कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

काँक्रीटही सच्छिद्रच. लादीखाली प्लॅस्टिकचा थर घातलेला नसेल, तर मातीतली ओल वाफ होऊन वर चढते आणि रंगाला खालून ढकलते. इथल्या हिवाळ्यात आणखी एक भर पडते. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीच्या पोटाला चिकटून गॅरेजमध्ये येतं, वितळलेल्या बर्फाबरोबर छिद्रांत मुरतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. वरचा थर कमकुवत असेल तर रंगासकट उचलला जातो. उन्हाळ्यात तापलेले टायर रंग मऊ करतात आणि थंड होताना त्याला ओढून घेतात.

तेव्हा रंग आणण्याआधी जमीन तपासावी. दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर, निदान 16 तास, ठेवावं. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर ओल आहे. कोरडं निघालं, तर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते झटकन मुरले नाहीत, तर पृष्ठभाग फार गुळगुळीत आहे किंवा तेलकट आहे. आधी तेलाचे डाग काढावेत, सुटलेला जुना रंग खरवडावा, मग यंत्रानं घासून जमीन सँडपेपरसारखी खरखरीत करावी. घासताना मास्क हवाच, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते. नवं काँक्रीट निदान 28 दिवस तसंच सोडावं. इपॉक्सी देताना जमिनीचं तापमान 10 अंशांच्या वर आणि दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश जास्त हवं. जुलैच्या दमट सकाळी थंड लादीवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारं दव असतं. डब्यावर सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत गाडी आत आणू नये.

आणि ओल निघालीच तर? तर रंगाचा हट्ट सोडावा. सिलेन-सिलोक्सेनचं द्रावण छिद्रांत मुरतं, मिठाचं पाणी आत शिरू देत नाही, पण खालची वाफ बाहेर जाऊ देतं. चकाकी येत नाही, राखाडी काँक्रीट राखाडीच दिसतं. पण त्याचा वर पापुद्राच नसतो, मग सुटणार काय? नव्या देशात कर्ज काढून घेतलेल्या घरात दर दोन वर्षांनी तोच खर्च आणि तीच मेहनत करणाऱ्या आपल्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे: या मे महिन्यात दुकानात जाण्याआधी प्लॅस्टिकचा तो तुकडा जमिनीवर चिकटवा, आणि रंग द्यायचा की नाही ते तिलाच ठरवू द्या.