सूर कुठे तोडायचा

दुकानातला मुलगा बेस गिटारची सगळ्यात जाड तार छेडतो, हात बाजूला घेतो आणि आपल्या तोंडाकडे बघत उभा राहतो. तार वाजत राहते. बराच वेळ वाजते. मग तो म्हणतो, ‘‘सस्टेन बघा सर.’’ गिऱ्हाईक खूश होतं. त्या मुलाचं चुकतं असं नाही, लीड गिटार विकताना हेच दाखवावं लागतं. पण बेसवाल्याचं पोट तार किती वेळ वाजते यावर भरत नाही. ती कुठे गप्प करता येते, यावर भरतं. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवता वाजवता माझ्या बॅगेत जे सामान साठलंय, त्यातलं निम्मं तरी सूर लवकर संपावा एवढ्यासाठीच आहे.

त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे भांडी घासायचा स्पंज. हिरवा खरखरीत थर सोलून टाकायचा, पिवळ्या मऊ भागाची बोटभर रुंदीची पट्टी कापायची आणि ब्रिजला लागून तारांखाली सरकवायची. सगळी गोम जाडीत आहे. पट्टी पातळ झाली तर जाड तारांना टेकते आणि बारीक तार मोकळीच राहते. जाड झाली तर तारेला वर ढकलते, सूर चढतो, वर नुसता ‘ठक्’ आवाज येतो आणि कुठला सूर वाजला ते कळतच नाही. नीट बसली की ‘डूंऽऽऽ’चं ‘डुम्’ होतं. घरातून नवा स्पंज नाहीसा झाला की कुणी मला विचारतही नाही, सरळ गिटारची बॅग उघडतात.

युक्ती जुनीच आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस आणला, तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक होतं डबल बेसचं अवाढव्य धूड घेऊन गावोगाव फिरणारे वादक. डबल बेसची तार बोटाने छेडली की सूर फुलतो आणि लगेच विझतो. नाचाच्या बँडला त्याच आवाजाची सवय होती. त्यामुळे फेंडरच्या बेसवर ब्रिज झाकणारं जे चकचकीत झाकण असे, त्याच्या आत पुढे फोमचा तुकडा लावून मिळू लागला. झाकण हाताच्या आड येतं म्हणून वादकांनी ते काढून टाकलं आणि बहुतेकांच्या बेसवरून त्याबरोबर फोमही गेला. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत वाजवणाऱ्या जेम्स जेमरसन यांनी तो ठेवला. १९६२ चा प्रिसिजन, त्यावर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, त्याही शक्यतो न बदललेल्या, आणि छेडायला उजव्या हाताची एकटी तर्जनी. लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून पिकने वाजवत. आज या दोघांसारखा आवाज हवा म्हणून महागडे पेडल विकत घेणारे मला भेटतात. त्यांना मी स्पंजाचं सांगितलं की त्यांना चेष्टा वाटते.

आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळातली गाणी बसवताना सूर कुठले आहेत हे चटकन कळतं. वेळ जातो तो सुरांमधल्या फटींवर. कागदावर एक मात्रा लिहून टाकली म्हणजे काम झालं असं नाही. ती पूर्ण वाजते, पाऊण वाजते, की अर्ध्यातच तुटते, हे हेडफोन लावून तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकूनच ठरवावं लागतं. सूर बरोबर आणि लांबी चुकीची असली तर प्रेक्षकाला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण गाणं त्याला जड वाटतं. गायकालाही वाटतं, आणि तो हमखास ड्रमरकडे बघतो.

लांबीचा हिशेब जागेप्रमाणे बदलतो. बेसची मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते आणि हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते. पडदे, गाद्या, खुर्च्यांचं कापड, भरलेलं प्रेक्षागार हे सगळं गायकाच्या आवाजातली धार शोषून घेतं. एवढ्या लांब लहरीवर त्यांची मात्रा चालत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये तर खाली ग्रॅनाइट, बाजूला काचा, वर पीओपी. मी सूर थांबवला तरी हॉल तो घोळवत बसतो आणि तेवढ्यात पुढचा सूर येऊन दोघांचा लगदा होतो. म्हणून साउंड चेकला मी गाणं वाजवत नाही. लांब केबल लावून खुर्च्यांमध्ये जातो आणि ई पासून एकेक फ्रेट चढत सगळे सूर सारख्या जोराने वाजवतो. दर हॉलचा एखादा सूर असा निघतोच, जो उगाच फुगतो. तो सापडला की साउंडवाल्याला तेवढाच पट्टा खाली घ्यायला सांगायचं आणि गाण्यात तो सूर आला की हात आखडता घ्यायचा.

‘बेसचा सूर लांब गेल्यावरच तयार होतो,’ असं आमच्यात एकमेकांना फार सांगितलं जातं. तसं काही नसतं. सूर जागेवरच तयार असतो. भिंतींवरून परतलेल्या लहरी एका जागी त्यात भर घालतात, दुसऱ्या जागी वजाबाकी करतात. उघड्या मैदानावर भिंतीच नाहीत, तिथे मी स्पंज काढून खिशात टाकतो आणि सूर ऐसपैस लांबवतो. नातेवाइकांनी मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत दोन्हीकडचं सारखंच ऐकू येतं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही.

हात आखडायचा म्हणजे तार सोडून द्यायची नाही. डाव्या बोटाचा दाब काढायचा, स्पर्श ठेवायचा. तार फ्रेटवरून सुटते पण कातडीला टेकलेली राहते आणि तिथल्या तिथे मरते. बोट पूर्ण उचललं तर खालची मोकळी तार बोलते, तेही गाण्याशी संबंध नसलेल्या सुरात. उजव्या हाताचा अंगठा, जी तार वाजत नाही तिच्यावर टेकलेला. करंगळीशेजारच्या बोटाला बारीक तारा धरून ठेवायचं काम. एक सूर वाजत असताना चार-पाच बोटं बाकीच्या तारा गप्प बसवत असतात. याचा सराव कंटाळवाणा आहे आणि घरच्यांना तो सराव वाटतच नाही. माझ्या आईला बरीच वर्षं वाटायचं की मी गिटार पुसतोय.

जेमरसनला नसलेला एक सोबती आम्हाला असतो, तो म्हणजे डग्गा. केरव्यात पहिल्या ‘धा’ला आणि दुसऱ्या ‘गे’ला तो खुला घुमतो. तबलजी मनगट दाबून त्या घुमाऱ्याला जी मींड देतो, तिच्यावर भावगीताचा सगळा डौल असतो. त्याच क्षणी मी सूर ताणून धरला तर ती मींड गाडली जाते. पाचव्या मात्रेला खाली येते, डग्गा गप्प असतो, तिथे मला रान मोकळं. म्हणून एकवर तोडायचा आणि पाचवर भरायचा. इंग्रजी गाणी वाजवत मोठी झालेली मुलं नेमकं उलटं करतात. त्यांचा एक भरदार असतो. तबलजी जुना असेल तर काही बोलत नाही, फक्त पुढच्या गाण्यात डग्गा वाजवायचंच कमी करतो. लावणीत ढोलकी सुटली की मी जवळपास थांबतोच. तिच्या डाव्या तोंडाचा घुमारा असताना बेस कशाला हवा? ऑक्टापॅडशी मात्र घासाघीस करावी लागते. त्यातल्या किकची लांबी यंत्रात ठरलेली असते आणि कंपनीने ती दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी लांबच ठेवलेली असते. ऑक्टापॅडवाल्याला चहा पाजून ती कमी करून घ्यायची, मग माझा सूर त्याच्याबरोबर संपतो.

आता पाच तारांचं. ‘पाच तारी बेस म्हणजे जास्त खोल आवाज’ हा समज दुकानातून येतो. पाचवी बी तार सुमारे ३१ हर्ट्झची. भाड्याने आणलेले बहुतेक स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाहीत. आपण ऐकतो ते त्या सुराच्या वरचे अंश, आणि उरलेलं कान आपल्या पदरचं भरतो. मी पाच तारी घेतला तो पट्टीसाठी. चार तारी बेसची खालची हद्द पांढरी तीनला संपते. तालमीला पांढरी चारमध्ये बसवलेलं गाणं कार्यक्रमाच्या दिवशी घसा बसला म्हणून काळी दोनमध्ये येतं, कधी थेट पांढरी दोनमध्ये. षड्जच हद्दीबाहेर गेला की चार तारीवाल्याला सप्तक वर चढावं लागतं आणि गाण्याच्या पायाखालची जमीन जाते. पाच तारीवर हात जरा खाली सरकवला की भागतं. या वाद्यावर जी-जी म्हणून सुधारणा झाली, त्यातली गायकांच्या घशासाठी झालेली ही एकच मला माहीत आहे.

एक सूर मात्र मला तोडता येत नाही. मांडवातल्या विजेचा. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ चा. म्हणजे अर्थिंग वाईट असलं की स्पीकरमधून जी घरघर येते, तीत पांढरी पाचपेक्षा किंचित चढा असा एक सूर अखंड लागलेला असतो. गाणं पांढरी पाचमध्ये असलं तर बघायलाच नको. षड्जाला षड्ज चिकटतो आणि दोघांमध्ये संथ लाटा उठतात. १९५७ नंतरच्या प्रिसिजनमध्ये पिकअप दोन तुकड्यांत असतो आणि एकाची घरघर दुसरा खोडून काढतो, म्हणून अनोळखी मांडवाला मी तोच नेतो. जॅझ बेसवर दोन्ही पिकअप सारखे ठेवावे लागतात, एकाचा आवाज जरा उतरवला की घरघर हजर. बाकी भिस्त बेसचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डी. आय. बॉक्सवर. त्यावर एक छोटं बटण असतं, ग्राउंड लिफ्ट. ते सिग्नलच्या वायरीतली जमीन तोडतं. काही शहाणे त्याऐवजी अॅम्पच्या प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. घरघर थांबते खरी, पण तुमचे हात तारांवर आणि ओठ माइकला लागलेले असतात, आणि आदल्या रात्री पाऊस झालेला असतो. अशा स्टेजवर मी चढत नाही. आयोजकाला काय वाटायचं ते वाटो.

बाकी सामानाचं ठरवतो रेल्वेचा जिना. १९६९ मध्ये अँपेगने काढलेला तीनशे वॅटचा एसव्हीटी आणि त्याखालचं आठ स्पीकरचं खोकं यांचे फोटो बघत आमची पिढी वाढली. ते खोकं दोन माणसांनी उचलायचं. आता दोन-तीन किलोचा क्लास-डी अॅम्प बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावतो आणि खोकं साउंडवाल्याकडे असतं, किंवा नसतं. बेस स्वतः जवळपास चार फुटांचा. गर्दीच्या वेळी तो घेऊन साध्या डब्यात शिरणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, म्हणून मी मालडब्यात चढतो. तिथे टोपल्या, गठ्ठे, सायकलचे टायर यांच्यात काळी लांब बॅग कुणाला खुपत नाही. दोन पायांच्या मध्ये ती उभी धरायची, डोकं वर. आडवी ठेवली की कुणीतरी तिच्यावर बसणार हे नक्की.

पावसाळ्यात नेक दमट हवा पितो आणि पुढे वाकतो, तारा फ्रेटपासून उचलतात, बोटं दुखायला लागतात. अॅलन-कीने नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा आवळायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी बघायचं. एका दमात अर्धा फेरा देणाऱ्याच्या हातात मी माझं वाद्य देत नाही.

हल्ली कार्यक्रम आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होतात. पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली गच्छंती बेसवाल्याची. कीबोर्डवाल्याचा डावा हात आहेच, आणि ट्रॅकमध्ये तर सगळंच आहे. तक्रार करण्यात अर्थ नाही, हॉलचं भाडं मलाही माहीत आहे. ट्रॅक अडतो तो फक्त ‘वन्स मोअर’ला. लोकांना ध्रुवपदच पुन्हा हवं असतं आणि यंत्र सुरुवातीच्या संगीतापासून सुरू होतं. त्यामुळे आता एक मधलाच प्रकार निघालाय. गाणी ट्रॅकवर, आणि स्टेज रिकामं दिसू नये, वन्स मोअरही निभावता यावा म्हणून एक ढोलकी, एक कीबोर्ड, एक बेस. मध्यंतरी अशाच एका कार्यक्रमात मला बोलावलं. पहिलंच गाणं सुरू झालं तर ट्रॅकमधला बेस आणि माझा बेस एकमेकांच्या अंगावर. तो लांब, मी आखूड. मी लॅपटॉपवाल्या पोराला म्हटलं, ‘‘ट्रॅकचं शंभर हर्ट्झच्या खालचं काढून टाक.’’

‘‘काका, गाणं पोकळ होईल.’’

‘‘म्हणूनच मला बोलावलंय ना?’’

त्याने काढलं. दुसऱ्या गाण्यापासून सगळं जागेवर बसलं, ढोलकीवाला माझ्याकडे बघून हसला, आणि तीन वन्स मोअर आले. पाकीट उघडलं तर अर्धीच नाइट. आयोजक म्हणाले, ‘‘अहो, अर्धं तर ट्रॅकनेच वाजवलं.’’